चपलेला एक न्याय, चित्रपटाला दुसरा

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्रादा या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन झाले आणि त्यातील मॉडेलच्या पायांत कोल्हापुरी घाटाची चप्पल दिसली. कोल्हापूरचे नाव मात्र कुठेही नव्हते. त्यानंतर या शहरात जो संताप उसळला, तो सर्वांच्या स्मरणात आहे. 'आमच्या कारागिरांची कला चोरली' हीच भाषा चर्मकारांच्या दुकानांपासून विधिमंडळातल्या लोकप्रतिनिधींपर्यंत ऐकू आली. कंपनीने प्रेरणा कोल्हापुरी चपलेची असल्याचे मान्य केले, तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन दोन हजार जोड येथील कारागिरांकडून करवून घेण्याचे जाहीर झाले. दरम्यान जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यासंबंधीची जनहित याचिका फेटाळली होती. भौगोलिक मानांकनाचे जे नोंदणीकृत धारक आहेत त्यांनीच दाद मागावी, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट निर्विवाद दिसली. नक्कल म्हणजे काय, श्रेय न देणे म्हणजे काय, दुसऱ्याच्या मेहनतीवर परस्पर कमाई करणे म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला कोणी शिकवण्याची गरज नाही. मग हाच माणूस नवा मराठी चित्रपट टेलिग्रामवरून उतरवून घेताना, 'क्रॅक' केलेले सॉफ्टवेअर संगणकावर चढवताना किंवा 'मृत्युंजय'ची पीडीएफ नातेवाइकांच्या गटात पाठवताना जराही अस्वस्थ का होत नाही? इथे 'चोरी' हा शब्द वापरला तर ऐकणारा दुखावला जातो. 'अहो, सगळेच करतात,' हे उत्तर ठरलेले आहे. 'आमच्या चार जणांनी तिकीट न काढल्याने कोणाचे काय बिघडणार,' हे दुसरे.

कोल्हापूरविषयी हा प्रश्न विचारण्यास खास कारण आहे. याच शहरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, येथेच १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा जन्म झाला, येथेच भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ नांदला आणि अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे मुख्यालयही येथेच आहे. चित्रपट म्हणजे मुंबईतल्या बड्या धेंडांचा धंदा, असे म्हणण्याची सोय निदान या गावाला नाही. रंगभूषा करणारे, नेपथ्याचे सुतार, प्रकाशयोजनेचे कामगार, ऐनवेळी गर्दीत उभे राहणारे कलावंत ही माणसे येथे गल्लोगल्ली राहिली आहेत.

संगीताचा इतिहास तर याहून बोलका आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर दरबारात राहिलेले उस्ताद अल्लादिया खाँ यांचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मोजक्या ध्वनिमुद्रिका दिल्या, पण यंत्राविषयी त्या अखेरपर्यंत साशंक राहिल्या. घराण्याच्या अनवट रागांची विद्या भलत्याच्या हाती लागू नये, ही त्यामागची भावना. ग्रामोफोनच्या आगमनाबरोबरच नकलेची भीती येथे पोहोचली होती. (त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात धाडली गेली, हा योगायोग गमतीचा आहे.) कायद्याच्या दृष्टीने ती भीती कितपत ग्राह्य ठरली असती, हा भाग वेगळा. परंतु आपली कला कोणाला व कोणत्या अटीवर द्यायची, हे ठरवण्याचा कलावंताचा आग्रह तिच्यात होता.

हा आग्रह समाजाने पुढे फारसा मनावर घेतला नाही, कारण यंत्रे बदलत गेली तशी नक्कल अधिकाधिक सोपी आणि निरुपद्रवी वाटू लागली. कॅसेटच्या काळात हवी ती गाणी यादी देऊन भरून घेण्याची दुकाने गावोगावी होती. कोऱ्या कॅसेटचे आणि मेहनतीचे पैसे दिले की व्यवहार पुरा झाला, असे दोन्ही बाजूंना वाटे. पैसे तर दिलेच होते, फक्त गाणे करणाऱ्याला नव्हे. व्हीसीडी आली, मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देण्याची पद्धत आली. ग्राहकाच्या लेखी तो दुकानदार म्हणजे रिचार्ज करून देणारा ओळखीचा माणूस. त्याला गुन्हेगार मानायला कोणीही तयार नव्हते.

२०१६ मध्ये मराठी चित्रसृष्टीला याची खरी झळ बसली. २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला आणि लवकरच त्याची चोरटी प्रत इंटरनेटवर फिरू लागली. तिच्यावर सेन्सॉरसाठीच्या प्रतीची खूण असल्याने ती कोठून फुटली असावी याची मोठी चर्चा झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये 'उडता पंजाब'च्या बाबतीतही असेच घडले. 'सैराट'ने तरीही शंभर कोटींच्या आसपास मजल मारली आणि तेव्हापासून 'पायरसीने काही बिघडत नाही, उलट प्रसिद्धीच होते' या युक्तिवादाला एक हुकमी दाखला मिळाला. हा दाखला फसवा आहे. 'सैराट' हा अपवाद होता. ज्या मराठी चित्रपटाला मोजके खेळ मिळतात, त्यातले काही दुपारच्या अडनिड्या वेळी, त्याचे भवितव्य पहिल्या तीन दिवसांत ठरते. त्या तीन दिवसांत चोरटी प्रत गावात पोहोचली तर चौथ्या दिवशी तो चित्रपट पडद्यावर राहात नाही. अशा चित्रपटांची नावे कोणाच्या लक्षात राहात नाहीत, म्हणून ते दाखल्यात येत नाहीत.

आकडे काय सांगतात? ईवाय आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये भारतातील मनोरंजनविषयक पायरसीची उलाढाल २२ हजार ४०० कोटी रुपयांची होती आणि ५१ टक्के प्रेक्षक कोणत्या ना कोणत्या चोरट्या मार्गाने काहीतरी पाहात होते. उद्योगाशी निगडित संस्थेने काढलेला हा आकडा आहे, तेव्हा तो थोडा हात राखूनच वाचावा. चोरून पाहिलेली प्रत्येक प्रत म्हणजे बुडालेले तिकीट नव्हे. फुकट मिळाला म्हणून पाहिलेला चित्रपट अनेकांनी एरवी पाहिलाच नसता. पण त्याच अहवालातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. जाहिरातींच्या व्यत्ययासह का होईना, अधिकृत मार्गाने फुकट मिळाले तर चोरटा मार्ग सोडण्याची तयारी ६४ टक्के लोकांनी दाखवली होती. म्हणजे माणसे चोरीच्या हौसेने तिकडे वळलेली नाहीत.

संगीताने हे सिद्धही केले आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी गाणी उतरवून देणाऱ्या संकेतस्थळांशिवाय तरुणांचे पान हलत नसे. २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, यूट्यूब आणि गाण्यांची अॅप्स हाताशी आली आणि एमपीथ्री साठवून ठेवण्याची गरजच बव्हंशी संपली. त्याआधी २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून पदपथावरच्या चोरट्या तबकड्यांशी थेट किमतीत स्पर्धा केली होती. कंपनी पुढे बुडाली ती वेगळ्या कारणांनी, तिचा हिशेब मात्र चुकीचा नव्हता. चित्रपटांच्या बाबतीत आज नेमके उलटे चालले आहे. एक चित्रपट एका ओटीटीवर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा कुठेच नाही. मध्यमवर्गीय घराने किती वर्गण्या भरायच्या? आणि जुना मराठी चित्रपट पाहायचा असेल तर कित्येकदा कोणीतरी हौसेने चढवलेली, रंग उडालेली प्रत हाच एकमेव आधार असतो. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. भालजींचा १९६३ चा 'मोहित्यांची मंजुळा' हा चित्रपट म्हणून २०२३ अखेर या बंधनातून मुक्त झाला (त्यातील शब्द आणि चाली यांची मुदत निराळी). असे चित्रपट जपून, स्वच्छ करून लोकांपुढे ठेवण्याचे काम ज्या संस्थांनी करायचे, त्यांनी ते केले नाही तर प्रेक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल.

सॉफ्टवेअरची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण येथे नक्कल करमणुकीसाठी होत नाही, पोटासाठी होते. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, वाढदिवसाचे फ्लेक्स यांवर चालणारे डीटीपीचे छोटे व्यवसाय गेल्या तीस वर्षांत शहरात मोठ्या संख्येने उभे राहिले. पेजमेकर, कोरलड्रॉ, फोटोशॉप या तीन नावांवर हा व्यवसाय उभा आहे आणि त्यातील किती प्रती विकत घेतलेल्या आहेत, हे त्या व्यवसायातल्या कोणालाही विचारावे. संगणक जोडून देणारा माणूसच सारे 'टाकून' देत असे, ग्राहकाला त्याची वेगळी किंमत असते हेच ठाऊक नसे. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सच्या पाहणीनुसार भारतातील विनापरवाना सॉफ्टवेअरचे प्रमाण २००९ मध्ये ६५ टक्के होते, ते २०१७ मध्ये ५६ टक्क्यांवर आले. अडोबीने २०१३ पासून दरमहा वर्गणीचा मार्ग धरला. डॉलरच्या हिशेबाने ठरणारी ती वर्गणी महिन्याकाठी पंचवीस पत्रिका छापणाऱ्याला कशी परवडावी, याचा विचार कंपन्यांनी केला नाही, आणि जुनी फुकट प्रत आहे तोवर या व्यावसायिकांनीही पर्याय शोधला नाही. त्याची किंमत भाषेने मोजली. युनिकोड येऊन बरीच वर्षे झाली तरी मराठीतला कितीतरी मजकूर जुन्या फाँटच्या कोंडवाड्यात अडकून पडला, कारण जुने सॉफ्टवेअर सोडण्याची निकड कोणालाच भासली नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या ज्या कारखानदारांचा माल परदेशी जातो, त्यांना आता ही निकड भासू लागणे अपरिहार्य आहे. आराखड्यांची आजची सॉफ्टवेअर इंटरनेटशी जोडली जाताच बनावट परवान्याची वर्दी मूळ कंपनीला देऊ शकतात.

कायदा काय म्हणतो, याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या भंगास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. खासगी वापरासाठी 'न्याय्य व्यवहार' म्हणून जी सवलत कलम ५२ देते, तीत संगणक प्रणालींचा समावेश नाही, आणि अख्खा चित्रपट उतरवून घेणे त्या सवलतीत बसवणे अवघडच. महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी असलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात 'व्हिडीओ पायरेट्स' घातले. २०२३ च्या चित्रपट कायद्यातील दुरुस्तीने चोरून चित्रीकरण व प्रसारण करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद केली. इतकी कडक कलमे असूनही घरी बसून चित्रपट उतरवणाऱ्याला त्यांचा धाक वाटत नाही, आणि प्रत्येक मोबाइलमागे पोलीस लावणे शक्यही नाही, इष्टही नाही. कायद्याचा रोख प्रती फोडणाऱ्यांवर आणि त्यावर जाहिरातींचा धंदा करणाऱ्यांवर असावा, हेच योग्य.

एका बाबतीत मात्र वाचकाला इतक्या सहज सोडता येत नाही. 'कलावंताला कुठे पैसे मिळतात, सारे कंपन्याच खातात,' असे म्हणत फुकट घेण्याचे समर्थन केले जाते. यात पूर्वी तथ्य होते. 'पिंजरा'ची गीते लिहिणारे जगदीश खेबूडकर याच शहरात राहिले आणि ३ मे २०११ रोजी येथेच गेले. त्यांच्या पिढीत गीतकाराला एकरकमी बिदागी देऊन गाण्याचे हक्क निर्मात्याकडे वा ध्वनिमुद्रिका कंपनीकडे जाण्याचा रिवाज सर्रास होता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा त्यांच्यापासून हिरावता येणार नाही असे ठरवले. ती लढाई लढली ती जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी, आणि खेबूडकरांच्या निधनानंतर वर्षभराने ती फळास आली. आता गाणे अधिकृतरीत्या वाजले तर लिहिणाऱ्याला काहीतरी मिळण्याची वाट कायद्याने खुली आहे. चोरट्या प्रतीत ती वाटच बंद होते.

पुस्तकांच्या बाबतीत तर कंपन्यांच्या नफेखोरीचा मुद्दाही उरत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींची, तीही संपायला वर्षे लागतात. २०२० च्या टाळेबंदीत वर्तमानपत्रांच्या पीडीएफ गटागटांतून फिरल्या, तेव्हा ती अडचणीची वेळ होती. 'दैनिक जागरण'ला त्यासाठी टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. टाळेबंदी उठली, सवय उठली नाही. आज कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, दिवाळी अंक 'वाचनसंस्कृती वाढावी' या गोंडस नावाखाली पाठवले जातात आणि पाठवणाऱ्याचे गटात कौतुकही होते. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांच्या 'ययाति'वरील हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. आजऱ्याचे शिवाजी सावंत २००२ मध्ये गेले, त्यांच्या 'मृत्युंजय'वरील हक्क २०६२ पर्यंत. ही मुदत फार लांब आहे, असे कोणी म्हणेल तर त्यावर वाद होऊ शकतो, व्हायलाही हवा. १९९२ पूर्वी ती ५० वर्षांचीच होती. पण हयात असलेल्या आणि पहिलीच कादंबरी पदरमोड करून छापणाऱ्या लेखकाची पीडीएफ फिरवणाऱ्याला त्या वादाचा आडोसा घेता येणार नाही. पुस्तक महाग वाटत असेल तर करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून याच शहरात उभे आहे, आणि वर्गणी भरून तेथून पुस्तक घरी नेता येते.