मोजणीचा दांडा आपल्याही हाती हवा

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातली एक मुलगी दहावी झाली. गणितात छान गुण. चंद्रपूर जिल्ह्यातलं तिचं गाव कोळसा खाणीच्या अगदी कडेला आहे. खाणीत सुरुंग उडाला की घरातली भांडी वाजतात. तिला आयटीआयमधला सर्व्हेअरचा, म्हणजे मोजणीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा होता. कागदपत्रं तपासून घ्यायला मी तिच्याबरोबर गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी कागद चाळले आणि तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "मॅडम, हे उन्हातान्हात फिरायचं काम आहे. पोरीला शिवणकाम घ्या, नाहीतर कॉम्प्युटर. घरबसल्या चार पैसे मिळतील."

उन्हातान्हात! या मुलीची आई मे महिन्यात पहाटेपासून जंगलात तेंदूपत्ता तोडते. बाईनं मजुरीसाठी ऊन सोसलं तर कुणाला काही वाटत नाही. त्याच उन्हात दुर्बिणीमागे उभं राहून तिनं पगार घ्यायचा म्हटला, की ती लगेच नाजूक होते. टोटल स्टेशन नावाचं हल्लीचं मोजणीचं यंत्र पाच-सहा किलोचं असतं. पाण्याची भरलेली घागर त्याहून जड असते.

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला फक्त नोकरीचा वाटत नाही. मोजणी म्हणजे काय, ते आपण नीट समजून घेतलं पाहिजे.

खाणीची हद्द कुठून कुठे, हे मोजणीदार ठरवतो. किती कोळसा निघाला, किती माती उपसली, ढिगारा कुठवर गेला, हे त्याच्या नकाशावरून कळतं. जमिनीखाली जुनी, पाण्यानं भरलेली खोदाई किती अंतरावर आहे, हेही त्यानंच नकाशावर अचूक दाखवायचं असतं. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत असंच साठलेलं पाणी फुटून आत घुसलं आणि सुमारे पावणेचारशे कामगार बुडाले. खाणीत नकाशाची रेघ चुकली, तर माणसं मरतात. म्हणूनच खाणीच्या मोजणीदाराला नुसतं आयटीआयचं किंवा पदविकेचं प्रमाणपत्र पुरत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा द्यावी लागते, आणि प्रत्यक्ष मोजणीच्या अनुभवाशिवाय त्या परीक्षेला बसता येत नाही.

अडचण नेमकी इथेच आहे. अनुभव घ्यायला खाणीत शिरायला हवं, आणि खाणीचं दार बायकांना बंद होतं.

ते नेहमीच बंद नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झरिया-राणीगंजच्या खाणींत नवरा कोळसा फोडायचा आणि बायको तो टोपलीतून वाहायची. १९२९ पासून सरकारनं बायकांना हळूहळू भूमिगत खाणींबाहेर काढलं आणि १९३७ मध्ये पूर्ण बंदी केली. कारण सांगितलं संरक्षणाचं. पण दुसऱ्या महायुद्धात कोळसा हवा झाला, तेव्हा १९४३ मध्ये तीच बंदी उठली आणि १९४६ मध्ये परत आली. गरज लागली की बाई कणखर, गरज सरली की अबला! १९५२ च्या खाण कायद्यानं भूमिगत कामाची मनाई कायम ठेवली आणि जमिनीवरही संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना काम नाकारलं. पुढे यंत्रं आली, आणि खाणीवर उरलेल्या बायकांना स्वेच्छानिवृत्ती घेऊन नोकरी मुलाच्या नाहीतर जावयाच्या नावे करायला सांगणाऱ्या योजनाही आल्या. बाईची नोकरी ही घरातल्या पुरुषाची ठेव!

शिक्षणाचंही तेच. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाण अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश मिळवण्यासाठी १९९० च्या दशकात उच्च न्यायालयात जावं लागलं. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून उघड्या खाणीत रात्रपाळीला आणि भूमिगत खाणीत दिवसा तांत्रिक व देखरेखीच्या कामांवर बायकांना परवानगी दिली. २०२१ मध्ये कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत पहिली महिला खाण अभियंता रुजू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी कामगार सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात बायकांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येईल असं म्हटलं आहे. रात्रपाळीला त्यांची संमती हवी.

कायदा बदलला, ठीक. पण २०१९ च्या परवानगीत एक अट होती: एका पाळीत किमान तीन बायका हव्यात. हेतू चांगला, परिणाम काय? प्रशिक्षण घेतलेली एकटी मुलगी दारात उभी राहिली की उत्तर तयार, "आणखी दोघी आणा, मग बघू." त्या दोघी आणायच्या कुठून, जर प्रवेशाच्या टेबलावरच त्यांना शिवणकामाकडे वळवलं जात असेल?

आता आपल्यातलाच एक आक्षेप. आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ मैत्रिणीनं विचारलं, "ज्या खाणीनं गावं गिळली, नद्या काळ्या केल्या, तिच्यासाठी आपण पोरी तयार करायच्या?" प्रश्न खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. खाण नको म्हणून लढणाऱ्या बायकांबरोबर मीही उभी राहिले आहे. पण त्याच बैठकीत या मुलीची आई बोलली. "आमचं वावर मोजाले आले तवा सारे माणसंच होते. मी विहीर दाखवली, मोहाची झाडं दाखवली. कागदावर काय लिवलं, कोणाले समजलं?" भरपाई ठरते ती त्या कागदावर. नकाशा वाचता येणारी एक जरी बाई त्या दिवशी गावात असती, तरी विहिरीची नोंद तिथल्या तिथे तपासता आली असती. शिवाय मोजणी काय फक्त खाणीची असते? रस्ते, कालवे, गावठाण, वनहक्काचे दावे, सगळीकडे मोजणी लागते. शिकलेली मुलगी खाणीत जाईल की खाणीविरुद्ध गावाचा नकाशा काढेल, हे तिचं तिनं ठरवावं. विद्या मात्र हातात हवी.

म्हणून माझ्या मते आपण काही गोष्टी मागितल्या पाहिजेत. मुलींच्या आयटीआयमध्ये मोजणीचा अभ्यासक्रम सुरू व्हावा. सरकारी खाणींनी प्रशिक्षणार्थी मुलींच्या तुकड्या घ्याव्यात, एकेकटीला नाही. खाणीवर संडास, कपडे बदलायची खोली आणि बायकांच्या मापाचे बूट असावेत. रात्रपाळीची संमती खरोखर संमती असावी, सहीचा सापळा नसावा. लैंगिक छळाविरुद्धची समिती खाणीच्या जागेवर पोचावी, मुख्यालयातल्या फाइलीत राहू नये. आणि खाणपट्ट्यातल्या गटांनी दहावीच्या निकालानंतर प्रवेशाच्या टेबलापर्यंत मुलींबरोबर जावं. हे शेवटचं काम आपण उद्यापासून करू शकतो.

त्या मुलीनं अर्ज बदलला नाही. तिला प्रवेश मिळाला. वर्गात मुली दोनच. पहिल्या वर्षी तिनं सरावासाठी स्वतःच्या गावाची पांदण मोजली. साखळी धरायला बरोबर आई होती. पांदण कागदावरच्यापेक्षा अरुंद निघाली. कुणी दाबली, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. आता ते आकड्यात लिहिलेलं आहे.