जीपचा आवाज आणि आपले कान



शेतकी खात्याचा लेख म्हटला की लागण, बेणे, खत आणि पाणी एवढेच वाचायला मिळणार, अशी आपली सवय झालेली आहे. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो उसाच्या फडापासून फार लांबचा नाही. आपल्या कार्यक्षेत्रात कितीतरी वस्त्यांवर फोर-व्हीलची जीप उभी असते. कोणाची जुनी पत्र्याची, कोणाची कापडी हुडाची, कोणाची नव्या धाटणीची. चिखलातून, पाटाच्या कडेने, नांगरट झालेल्या रानातून जाणारी ही गाडी शेतकऱ्याला सोयीची आहे यात शंका नाही. प्रश्न तिच्या आवाजाचा आहे.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे. "जीप म्हणजे आवाज करणारच. आवाज नाही तर ताकद कसली?" आमच्या मते ही समजूत चुकीची आहे, आणि ती आपल्याला महागात पडते. आवाज म्हणजे ताकद नव्हे. बराचसा आवाज म्हणजे सैल झालेला भाग, उघडे राहिलेले भोक आणि थरथरणारा पत्रा. यातले पुष्कळसे घरच्या घरी सुधारता येते. ते सुधारावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

आधी नुकसान काय ते पाहू. कानाच्या आत अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या आवाज पकडतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. उसाचा खोडवा फुटतो, तसा कानाला खोडवा नाही. पहिल्यांदा उंच पट्टीचे आवाज जातात. माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण शब्द कळत नाही." नातवंडांचे बोलणे कळेनासे होते, रात्री कानात शिटी वाजल्यासारखे होते. तोपर्यंत वेळ गेलेली असते.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप सरळ बेरजेचे नाही. 3 डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस अशी आहे की, 85 डेसिबलचा आवाज दिवसात 8 तासांपेक्षा जास्त कानावर पडू नये. 88 झाला तर 4 तास, 91 झाला तर 2 तास आणि 94 झाला तर फक्त 1 तास. आता हंगामात दिवसभर गाडीवर असणारा ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हिशेब कळेल. मोबाईलवर आवाज मोजण्याची सोय मिळते. ती काटेकोर नसते, पण दुरुस्तीच्या आधी आणि नंतर किती फरक पडला हे पाहायला पुरते.

आणखी एक गोष्ट. गाडीचा आवाज झाकायचा म्हणून गाणी मोठ्याने लावायची, हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर तर कर्णे लावून चालतात. हा उपाय नव्हे, एका आवाजावर दुसरा आवाज चढवणे आहे. मागच्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरच्या कानापर्यंत पोचत नाही, आणि मग जे व्हायचे ते होते.

जीप आवाज का करते, हेही समजून घ्यावे. ही गाडी मूळची लष्करासाठी दुसऱ्या महायुद्धात तयार झाली. आपल्या देशात 1947 साली महिंद्रांनी विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. खडतर वाटेवर चालावी आणि कुठेही दुरुस्त व्हावी, हा तिचा उद्देश. त्यामुळे सपाट, एकेरी पत्रा, आत अस्तर नाही, इंजिन पायाला लागून आणि चारही चाकांना ताकद वाटणारा जादा गिअर बॉक्स बैठकीच्या खालीच. सपाट पत्रा ढोलाच्या पानासारखा वाजतो. बनावटीचा हा दोष नव्हे, तिच्या कामाचा तो गुण आहे. पण आपण तीच गाडी रोज डांबरी रस्त्यावर तालुक्याला नेतो, तेव्हा तिच्यावर थोडे काम करायला हवे.

बाजारात चिकट काळ्या शीट मिळतात, चांदीसारखा वर्ख लावलेल्या. हल्ली पुष्कळजण पहिल्यांदा त्याच आणून सगळ्या गाडीला चिकटवतात. आमचे मत असे की, शीट हे तिसरे काम आहे. पहिली दोन केल्याशिवाय तिला हात लावू नये. रानाला पाणी बसत नाही म्हणून मोठी मोटर घेण्याआधी पाट फुटला आहे का ते आपण बघतो. तसेच हे.

पहिले काम दुरुस्तीचे. आवाज येतो कुठून ते शोधा. उभ्या गाडीत इंजिन रेस करून पाहा. तेव्हा जो आवाज येतो तो इंजिनचा आणि सायलेन्सरचा. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर वेग घेऊन गाडी न्यूट्रल करा. इंजिन मात्र बंद करू नका, ब्रेक जड होतात. इंजिन मंदावल्यावरही जी घूं घूं उरते आणि वेगाबरोबर उतरत जाते, ती टायरची, डिफरन्शियलची किंवा चाकाच्या बेअरिंगची. सायलेन्सरला छिद्र असेल, जोडाचे गॅस्केट फुंकत असेल, इंजिनखालची माउंटिंगची रबरे तेल पिऊन कडक झाली असतील, शाफ्टचे क्रॉस ढिले असतील, पाट्यांचे बुश झिजले असतील, तर हजारो रुपयांच्या शीट लावूनही उपयोग नाही. चिखलासाठीचे मोठ्या खाचांचे टायर डांबरावर घुमणारच. वर्षातले दहा महिने गाडी डांबरावर असेल, तर टायर बदलताना साध्या नक्षीचे घ्यावेत. आणि ज्या गाडीत फोर-व्हील कांडीने टाकायचे असते, ती कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून चालवू नये. पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होते, गिअर कुरकुरतात आणि झिजतात.

दुसरे काम भोके बंद करण्याचे. आवाज पाण्यासारखा आहे, फट मिळाली की येतोच. शंभरात एक भाग जरी उघडा राहिला, तरी पडदा कितीही जाड लावा, 20 डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. हा गणिताचाच नियम आहे. पाटाला खेकड्याचे एक बीळ पडले तर सगळा बांध लिंपून काय उपयोग? गिअरच्या दांड्यांची फाटलेली रबरे, क्लच-ब्रेकच्या पेडलच्या जागा, स्टिअरिंगचा दांडा आणि वायरी आत येतात ती भोके, दारांचे दबलेले बीडिंग, एवढे आधी पाहावे. सोपी युक्ती म्हणजे रात्री गाडीत बॅटरी लावून ठेवावी आणि बाहेरून पाहावे. जिथून उजेड बाहेर येतो, तिथून आवाज आत येतो. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढता आली तर बीडिंग बदलायला झाले. या कामाला पैसा थोडा आणि गुण मोठा.

तिसरे काम पत्रा गप्प करण्याचे. जेवणाचे ताट खाली पडून वाजत राहिले की आपण त्यावर हात ठेवतो आणि ते गप्प होते. ब्युटाइल रबराची शीट हेच काम करते. पत्र्यावर मुठीने ठोकून पाहा. 'ठण्ण' वाजतो तिथे शीट हवी, 'धप्प' वाजतो तिथे नको. सगळा पत्रा मढवण्याची गरज नाही. सपाट भागाचा मधला चौथा ते तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर पुष्कळ कमी होते. 2 मिलिमीटर जाडीची शीट चौरस मीटरला सुमारे 3 ते 4 किलो भरते. उगाच वजन वाढवून डिझेल कशाला जाळायचे?

काम करताना बैठक आणि मॅट काढावी, बॅटरीची वायर सोडावी. फरशी धुऊन पूर्ण वाळवावी. गंज वायरब्रशने काढून रेड ऑक्साईड मारावे, तेही वाळू द्यावे. मग थिनरने पुसून शीट लावावी. थिनरचे काम उघड्यावर करावे आणि जवळ विडी-काडी नको. वर्खाची कडा ब्लेडसारखी कापते, हातमोजे घालावेत. शीट रूळ फिरवून घट्ट दाबावी, आत हवा राहू देऊ नये. रूळ नाही म्हणून स्वयंपाकघरातले लाटणे मात्र नेऊ नये. त्यावरून जो आवाज निघेल तो कोणत्याही शीटने बंद होणार नाही.

यावर चौथा थर मऊ फोमचा, आणि त्यावर जड रबरी मॅट. फोम पाणी न पिणारा असावा. साधा स्पंज, गोणपाट, जुनी गोधडी घालू नये. ओल धरून ठेवतात आणि दोन पावसाळ्यांत फरशी गंजते. दाराच्या तळाशी आणि फरशीला पाणी जाण्याची भोके असतात, ती बुजवू नयेत. छपराची डांबरी शीट स्वस्त पडते म्हणून काहीजण वापरतात. ती उन्हात वितळते आणि वास मारते. बॉनेटखाली फोम, कापूस, कापड कधीच नको. तेल उडते, सायलेन्सर तापतो, आग लागायला वेळ लागत नाही. तिथे उष्णता सोसणारे, त्याच कामासाठी बनलेले अस्तरच लावावे.

एवढे करूनही हुडाच्या जीपची मोटार होत नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. कापडातून वारा आणि रस्ता ऐकू येणारच. पण शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत होते तिथे साध्या आवाजात बोलता आले, तरी काम साधले. काही जुने जाणते म्हणतील, "इंजिनचा आवाज ऐकू आला पाहिजे, बिघाड त्यावरनंच कळतो." बरोबर आहे. पण शंभर खडखडाटांत बेअरिंगची एक कुरकुर कशी कळणार? ती शांत गाडीतच कळते.

राहिला ट्रॅक्टर. त्याला केबिन नसेल तर शीट लावायची कुठे? तिथे सायलेन्सर शाबूत ठेवणे आणि कानात बोळे किंवा कानावर टोप्या घालणे हाच उपाय. कानात बोळे घालणाऱ्याला हसणारे आपल्या गावात भेटतील. त्यांना हसू द्यावे. सायलेन्सर काढून किंवा फोडून फिरणाऱ्या तरुण मंडळींना मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनीच सांगावे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा आहे. पोलिसाच्या पावतीची वाट कशाला पाहायची?

आमच्याही खात्याच्या गाड्या यातून सुटत नाहीत. शिवारात सभासद लागणीची नोंद सांगत असतो आणि ड्रायव्हरला मागच्या बैठकीवरचे ऐकू येत नाही, हे बरे नव्हे. हंगामापूर्वीच्या दुरुस्तीच्या यादीत सायलेन्सर, माउंटिंग आणि दारांचे बीडिंग यांची तपासणी घालावी, आणि वाहतुकीच्या ड्रायव्हर मंडळींची वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हावी, अशी आमची व्यवस्थापनाकडे सूचना आहे. सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय मांडला तर त्याला वजन येईल.

हंगाम आटोपला, गाड्या परतल्या आणि पाऊस अजून लांब आहे, असे एप्रिल-मेचे दिवस या कामाला उत्तम. उन्हाने पत्रा कोरडा असतो, शीट चांगली धरते. यंदा निदान पहिली दोन कामे प्रत्येकाने करावीत. दुरुस्ती करा, भोके बुजवा, मग पैसे आणि हौस असेल तर शीट आणा. मृग निघाला की पुन्हा रानाची गडबड सुरू होईल आणि हे काम पुढच्या वर्षावर जाईल. इंजिन नवे बसवता येते, गाडीही बदलता येते. कानांची जोडी मात्र जन्मभर एकच आहे, ती सांभाळावी.