नोंदणी कोणाची – विकणाऱ्याची की शोधणाऱ्याची?

शहरात घर शोधणाऱ्या श्रमजीवी माणसाला पूर्वी दलालाच्या दुकानाची पायरी चढावी लागे. आज त्याला मोबाईलच्या पडद्यावर एक चौकट भरावी लागते. नाव लिहा, मोबाईल नंबर लिहा, आलेला ओटीपी भरा, घर विकत हवे की भाड्याने, किती रकमेपर्यंत आणि किती दिवसांत हे सांगा. मगच घरांची यादी, निदान तिचा उपयोगी भाग, तुमच्यापुढे उघडेल. घरांच्या जाहिरातींची सारीच संकेतस्थळे सारखी कडक नाहीत. काही ठिकाणी यादी मोकळी असते, पण इमारतीचे नाव, नेमकी जागा किंवा किंमत झाकलेली असते. बिल्डरांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर तर पुष्कळदा सदनिकेचा नकाशा आणि दरपत्रक पाहण्यासाठीही आधी नाव आणि नंबर द्यावा लागतो. तपशील निराळे असले तरी रीत एकच आहे: माहिती हवी असेल तर आधी स्वतःची माहिती द्या.

ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी प्रश्न उपस्थित करणेच काहींना विक्षिप्तपणाचे वाटते. नाव-नंबर दिल्याने काय बिघडते, असे चांगली सुशिक्षित माणसेही विचारतात. काय बिघडते ते आपण पाहूच. परंतु त्यापूर्वी नोंदणीविषयी या देशाचा कायदा काय म्हणतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

बिल्डरांनी पैसे घेऊन घरे न देण्याचा, मंजुरी नसलेल्या इमारती विकण्याचा जो प्रकार देशभर वर्षानुवर्षे चालला, त्याला आळा घालण्यासाठी संसदेने २०१६ साली स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम संमत केला. तोच ‘रेरा’ म्हणून सर्वांना परिचित आहे. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे अंमलात आला. या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, ठरावीक आकारापेक्षा मोठ्या प्रकल्पाची प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला त्याची जाहिरातसुद्धा करता येत नाही. कलम ९ प्रमाणे दलालालाही नोंदणी करावी लागते. कलम ११ बिल्डरला सांगते की प्रकल्पातील किती सदनिका विकल्या गेल्या, कोणत्या मंजुऱ्या मिळाल्या, काम कोठवर आले, हे दर तीन महिन्यांनी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मांडले पाहिजे. आणि ही सर्व माहिती जनतेला पाहता यावी, अशी जबाबदारी कलम ३४ ने प्राधिकरणावर टाकली आहे. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले. तो मोबाईलने टिपला की प्रकल्पाची नोंद समोर येते. ती पाहणाऱ्याला त्याचे नाव कोणी विचारत नाही.

कायद्याचा रोख येथे अगदी स्पष्ट आहे. ज्याच्याकडे विकायला घर आहे, ज्याच्या हाती व्यवहाराच्या नाड्या आहेत, त्याने नोंदणी करायची; ज्याला घर हवे आहे त्याने मोकळेपणाने पाहायचे, तुलना करायची आणि मग ठरवायचे. नोंदणीची सक्ती करणाऱ्या संकेतस्थळांनी हा न्याय उलटा फिरवला आहे. तेथे शोधणाऱ्याची झडती घेतली जाते आणि विकणारा पडद्याआड सुरक्षित राहतो.

असे का होते, याचे उत्तर या धंद्याच्या रचनेत आहे. संकेतस्थळ स्वतः घर विकत नाही. त्याला पैसे मिळतात ते जाहिरात ठळक करून घेणाऱ्या बिल्डरकडून आणि दलालाकडून, आणि हे दोघे मुख्यतः पैसे मोजतात ते घराची गरज असलेल्या माणसाच्या नाव-नंबरासाठी. धंद्याच्या भाषेत त्याला ‘लीड’ म्हणतात. एकच ‘लीड’ अनेकांना देता येते. म्हणूनच एकदा चौकट भरली की पुढे कित्येक दिवस अनोळखी आवाज फोनवर विचारत राहतात, ‘साहेब, घर पाहताय ना?’ व्यापारी फोन नकोत म्हणून ज्याने १९०९ या क्रमांकावर रीतसर नोंद केली आहे, त्याचीही यातून सुटका होत नाही. कारण चौकटीखालच्या बारीक अक्षरांतील अटींवर खूण करताना त्याने अशा फोनना ‘संमती’ दिली, असे मानले जाते.

परंतु फोनचा त्रास ही या प्रश्नाची केवळ वरवरची बाजू आहे. खरी हानी सौदा करण्याच्या शक्तीची होते. समजा, नागपूरचा एखादा कामगार नव्या नोकरीसाठी बंगळूरला चालला आहे. पहिल्या तारखेपूर्वी त्याला खोली हवी. तो चौकटीत लिहितो: पंधरा हजारांपर्यंत, ताबडतोब. त्या क्षणी पलीकडच्या दलालाला दोन मोलाच्या गोष्टी कळतात – या माणसाची ऐपत आणि या माणसाची निकड. या माणसाला मात्र त्या वस्तीत खोल्यांचे भाडे सर्वसाधारणपणे किती आहे, अनामत रक्कम किती मागतात, किती खोल्या रिकाम्या आहेत, यांपैकी काहीच अजून कळलेले नसते. जेथे अनामत म्हणून अनेक महिन्यांचे भाडे एकरकमी मागण्याची प्रथा आहे, तेथे हे अज्ञान त्याला किती महाग पडते, हे वेगळे सांगायला नको. चौदा हजारांची खोली त्याला पंधरा हजारांनाच दाखवली जाणार.

या पद्धतीचे समर्थन करणारे चार युक्तिवाद नेहमी पुढे करतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला युक्तिवाद असा की सेवा फुकट आहे. तिच्या बदल्यात नाव-नंबर मागितला तर त्यात गैर काय? वस्तुतः ही सेवा फुकट नाही. तिचा खर्च जाहिरातदार देतो, आणि तो घराच्या किमतीतून व दलालीतून अखेर घर घेणाऱ्याकडूनच वसूल होतो. म्हणजे शोधणारा एकदा पैशाने आणि दुसऱ्यांदा आपल्या माहितीने, असे दुहेरी मोल देतो.

दुसरा युक्तिवाद असा की नोंदणीशिवाय हा धंदा चालणारच नाही. अनुभव याच्या उलट आहे. ब्रिटनमधील ‘राइटमूव्ह’ हे संकेतस्थळ २००० सालापासून चालू आहे. तेथे नाव न सांगता कोणीही घरांची यादी, किंमत आणि छायाचित्रे पाहू शकतो. उत्पन्न येते ते प्रामुख्याने दलालांच्या वर्गणीतून. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या ‘झिलो’वरही शोध घेण्यासाठी नोंदणी लागत नाही आणि त्या देशातील सर्वांत मोठ्या संकेतस्थळांत त्याची गणना होते. त्याच अमेरिकेत दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने इंटरनेटवरून काम करणाऱ्या नव्या दलालांपासून घरांच्या याद्या अडवून ठेवण्याची मुभा देणारे नियम केले, तेव्हा तेथील न्याय खात्याला २००५ साली स्पर्धाविरोधी वर्तनाचा खटला भरावा लागला. २००८ साली तडजोड होऊन त्या संघटनेला माघार घ्यावी लागली. भांडवलशाहीचा बालेकिल्ला मानल्या जाणाऱ्या देशातही यादीवरील ताबा म्हणजे दलालीवरील ताबा, हे सरकारला ओळखावे लागले. आपल्याकडे मात्र हा ताबा ‘सोय’ या गोंडस नावाने खपवला जातो.

तिसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर गांभीर्यानेच दिले पाहिजे. घरमालकाचा नंबर उघड्यावर टाकला तर कोणीही त्याला सतावील. एकट्या राहणाऱ्या स्त्रीच्या घराचा पत्ता वाटेल त्याला मिळणे धोक्याचे आहे, असे म्हटले जाते. हे म्हणणे खरे आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. यादी पाहणे, मालकाशी संपर्क साधणे आणि व्यवहार करणे या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. संपर्काच्या पायरीवर ओळख विचारावी. मालकाचा नंबर झाकून निरोप पोचवण्याची व्यवस्था करावी. व्यवहाराच्या वेळी तर दोन्ही बाजूंनी पूर्ण ओळख द्यावीच. पण भाडे किती, क्षेत्रफळ किती, वस्ती कोणती, अनामत किती, हे पाहिल्याने कोणत्या मालकाची सुरक्षितता धोक्यात येते? तिसऱ्या पायरीवरचे कुलूप पहिल्या पायरीवर लावायचे आणि त्याला सुरक्षिततेचे नाव द्यायचे, ही दिशाभूल आहे.

चौथा युक्तिवाद म्हणजे ज्याला नाव द्यायचे नसेल त्याने देऊ नये, सक्ती कोठे आहे? दोन वेळच्या चहाविषयी हे बोलणे शोभले असते. निवारा ही जीवनाची गरज आहे. ज्याला महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे, त्याच्या ‘स्वेच्छे’ची थोरवी गाणे ही क्रूर थट्टा होय. संमती मुक्त, विनाअट आणि आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असली पाहिजे, असे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम ६ सांगते. घरांची यादी दाखवण्यासाठी पाहणाऱ्याचा मोबाईल नंबर आवश्यक असतो, हे कोणत्या तर्काने सिद्ध होईल? या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तेव्हा कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची सवलत देण्यात आली. अठरा महिने हा नावे गोळा करायला पुष्कळ काळ आहे.

या देशात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्याकडे नाव म्हणजे केवळ नाव नसते. आडनावावरून जात आणि नावावरून धर्म ओळखण्याची सवय समाजात खोल मुरलेली आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांविषयी केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. फोनवर घर मागताना उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला, आणि त्याहूनही मुस्लिम नावाला, अधिक वेळा नकार मिळतो, असे तीत आढळले. ज्या बाजारात नावावरून दार बंद होते, तेथे दार पाहण्यापूर्वीच नाव मागणे निरुपद्रवी कसे मानावे? यादी मोकळी असेल तर निदान घर रिकामे आहे एवढे तरी त्या माणसाला ठाऊक असते आणि ‘आत्ताच गेले हो’ या उत्तरातील खोटेपणा त्याला पकडता येतो.

२०११ च्या जनगणनेत शहरी भारतात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी सरकारच्या तज्ज्ञ गटाने शहरी घरांची टंचाई सुमारे १ कोटी ८८ लाख ठरवली. तिच्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा होता. टंचाई आणि रिकामी घरे शेजारी शेजारी उभी असलेल्या देशात कोठे घर रिकामे आहे आणि काय भावाने मिळते, ही माहिती कोणाची खाजगी मिरासदारी होऊ देता कामा नये. घरांची टंचाई केवळ खुल्या यादीने मिटणार नाही, हे उघडच आहे. तरीही खुल्या यादीमुळे गरजवंताच्या हाती निदान बाजारभाव तरी येतो.

म्हणून भाडेकरू संघटना, गृहनिर्माण संस्था आणि कामगार संघटना यांतून काम करणाऱ्या साथींनी पुढील मागण्या आग्रहाने मांडल्या पाहिजेत. एक, घराची किंमत किंवा भाडे, चटई क्षेत्र, वस्ती, अनामत आणि दलाली हा तपशील नोंदणीशिवाय पाहता आला पाहिजे. दोन, ओळख फक्त संपर्काच्या वेळी मागावी आणि ती ज्या एका घरासाठी दिली त्यापलीकडे कोणालाही देता कामा नये. तीन, रेराच्या व्याख्येप्रमाणे कोणत्याही माध्यमातून घर विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून देणारा हा दलालच ठरतो. त्या कसोटीवर या संकेतस्थळांची जबाबदारी राज्याराज्यांच्या प्राधिकरणांनी निश्चित करावी. चार, रेराच्या कक्षेबाहेर राहिलेल्या भाड्याच्या घरांच्या जाहिरातींनाही जाहिरातदाराच्या नोंदणीचे बंधन घालावे.

नोंदणी अवश्य असावी. ती घर विकणाऱ्याची, भाड्याने देणाऱ्याची आणि मधल्या दलालाची असावी. घर शोधणाऱ्याला आधी घर पाहू द्या. नाव तो सौद्याला बसल्यावर सांगेल.