जुनं तारांचं चाक: दुरुस्त करायचं की बदलायचं? आधी तपासणी, मग पाना



बिरसी-गोंदिया भागात जुन्या गाड्यांचं छोटं वर्कशॉप टाकायचं म्हणताय? तर आधी एक गोष्ट मान्य करा. विंटेज एमजी किंवा जॅग्वार तुमच्या दारात रांग लावणार नाहीत. येईल ती काकांची बुलेट, वडिलांची राजदूत, नाहीतर कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेली येझदी. पण चाकाचा प्रश्न सगळ्यांचा सारखाच असतो: स्पोकचं जुनं चाक दुरुस्त करायचं की नवीन टाकायचं?

माझं मत सरळ आहे. याचं उत्तर ग्राहकाच्या भावनेवर ठरवू नका आणि तुमच्या मार्जिनवर तर मुळीच नको. तपासणीवर ठरवा, आणि त्या तपासणीचे पैसे घ्या.

आता तपासायचं काय? स्पोक कायम ताणात काम करतो. पाना घेऊन एकेका स्पोकवर हलकेच टिचकी मारा. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, ढिला बद्द वाजतो. मग टायर-ट्यूब काढून रिमची आतली बाजू बघा. वरून क्रोम चकचकीत असतं आणि आत रिमपट्टीखाली गंजाने खड्डे पडलेले असतात. निपलच्या भोकाजवळ चीर दिसली तर विषय संपला, रिम बदला. तिथे वेल्डिंगची हौस नको.

रिम धड आहे आणि एखादाच स्पोक तुटलाय? तेवढा टाका, आऊट काढा. बऱ्याच मोटरसायकलींच्या मॅन्युअलमध्ये आऊटची मर्यादा 2 मिमी दिलेली असते. पण स्पोक एकामागून एक तुटत असतील तर बाकीचेही थकलेत असं समजा आणि पूर्ण सेट बदला. गंजके स्पोक क्रोम करून परत बसवू नका. प्लेटिंग नीट झालं नाही तर स्टील ठिसूळ होऊ शकतं. म्हणजे चकाकी वाढली आणि ताकद गेली!

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आणखी एक गोम असते. तिथे चाक मधल्या एकाच मोठ्या नटवर बसतं आणि हबच्या दात्यांवर फिरतं. गाडी पुढे घेताना किंवा ब्रेक मारताना 'टक्' वाजलं तर ते दाते झिजलेत का ते बघा. झिजलेल्या हबवर नवीन चाक बसवलं तर त्याचेही दाते लवकर जातात. तिथे अर्धवट बदल सगळ्यात महाग पडतो.

आता पैशाचं बोलू. आकडे फक्त उदाहरणासाठी घेतोय, तुमचे तुम्ही टाका. समजा तुमच्या तासाची किंमत 150 रुपये. जुनं चाक उघडणं, घासणं, बांधणं याला 4 तास, म्हणजे 600. बाहेरचं प्लेटिंग 900. एकूण 1,500. नवीन रिम आणि स्पोक 1,800, बांधणीचे 2 तास 300. एकूण 2,100. ग्राहक म्हणेल, "भाऊ, 600 वाचतात, जुनंच करा." तुम्ही हो म्हणालात, आणि तीन महिन्यांनी स्पोक तुटून चाक परत आलं. पुन्हा उघडा, पुन्हा बांधा, सगळं फुकटात. 600 वाचले ग्राहकाचे, गेले तुमचे. आणि मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला काही झालं, तर तो हिशोब कुठल्याच वहीत बसत नाही.

मग जुनं कधी जपायचं? रिम शाबूत असेल आणि गाडीचं मोल तिच्या मूळपणात असेल तेव्हा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या खासगी गाडीची विंटेज म्हणून नोंद होऊ शकते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आहे. एवढा खर्च करणाऱ्या मालकाला मूळ रिम हवीच असणार. अशा वेळी मूळ रिम आणि हब ठेवा, स्पोक-निपल नवीन टाका. उघडण्याआधी बांधणीचे फोटो घ्या, स्पोकची लांबी मोजा. काढलेला प्रत्येक भाग मालकाच्या हातात द्या.

तुम्ही म्हणाल, "सर, आपल्याकडे नुसतं बघायचे पैसे कोण देतो?" शंका बरोबर आहे. पहिले काही ग्राहक देणार नाहीत. त्यांना सांगा, काम इथेच केलं तर तपासणीची रक्कम बिलातून वजा होईल. पण कागद द्या: कोणता स्पोक ढिला, आऊट किती, रिम कशी, माझा सल्ला काय. बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची विमानं उडतात ना? विमानाचा कुठला पार्ट कधी तपासला, कधी बदलला, याची लेखी नोंद ठेवावीच लागते. तीच सवय 200 रुपयांच्या वहीत तुम्हालाही लावता येते.

आणि ग्राहकाने धोकादायक रिमच परत बसवायचा हट्ट धरला तर? हात जोडा, काम सोडा. छोट्या गावात गेलेलं एक काम दुसऱ्या आठवड्यात भरून निघतं, गेलेलं नाव निघत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: एक भंगार चाक आणा, पूर्ण उघडा, पुन्हा बांधा, आऊट काढा आणि घड्याळ लावून वेळ लिहा. तो आकडा हातात आल्याशिवाय दुकानाचा रेट बोर्ड रंगवू नका.