समजून घ्या : माळेगाव यात्रेत कला सादर केली, पण मानधनासाठी पुरावा कुठाय?

औसा : मार्गशीर्ष आला की लातूर-नांदेड भागातल्या लोककलावंतांची पावले माळेगावकडे वळतात. लोहा तालुक्यातील खंडोबाच्या या यात्रेत देवापुढे वाघ्या-मुरळी गातात, तर नांदेड जिल्हा परिषदेच्या लावणी महोत्सवात ढोलकी-घुंगरू घुमतात. पण यात्रा उठल्यावर, वय झाल्यावर काय?

मानधन कुणाला?
ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना १९५४-५५ पासून आहे. २०२४ पासून निवड झालेल्यांना महिन्याला सरसकट ५ हजार रुपये मिळतात. वय किमान ५० (दिव्यांगांना ४०), कलेत १५ वर्षे आणि वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, या मुख्य अटी.

अडचण कुठे?
अर्जासोबत कलेचे पुरावे लागतात. पत्रिकेवर बहुतेक वेळा पार्टीचे नाव असते, मागे साथ करणाऱ्यांचे नसते. जागरणाला बिदागी मिळते, पावती नाही. जन्मभर दिमडी वाजवूनही दाखवायला कागद नसतो.

काय करावे?
कार्यक्रमपत्रिका, बातमीचे कात्रण, फोटो जपून ठेवा. आयोजकांनीही प्रत्येक कलावंताला त्याच्या नावाचे प्रमाणपत्र द्यावे. खर्च एका कागदाचा. म्हातारपणी तोच उपयोगी पडेल.