फ्रेंच दिग्रसलाही शिकवा, पण नियम आधी मराठीत छापा

प्रति,
मा. कुलगुरू,
संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती

विषय : तालुक्याच्या महाविद्यालयांत नवशिक्यांसाठी फ्रेंचचा अभ्यासक्रम, त्याचे नियम आणि अपेक्षा

महोदय,

मुंबईत अलियाँस फ्राँसेझ १९३८ पासून आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा शिकत कित्येक पिढ्या गेल्या. या दोन्ही शहरांत अकरावी-बारावीला फ्रेंच घेणे ही नेहमीची गोष्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या विद्यार्थ्याने हीच भाषा शिकायचे मनावर घेतले, तर त्याला आधी गाव सोडण्याचा विचार करावा लागतो. आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. त्यातल्या बहुतेक तालुक्यांची परिस्थिती याहून फार निराळी नाही.

आता मात्र वाट मोकळी झाली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळांसाठी सुचवलेल्या परदेशी भाषांत फ्रेंचचे नाव आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांक रचना आली. तिच्यात ओपन इलेक्टिव्ह आहे, म्हणजे वाणिज्याच्या मुलाला किंवा रसायनशास्त्राच्या मुलीला आपल्या शाखेबाहेरचा विषय घेता येतो. फ्रेंचला बसायला ही जागा योग्य आहे. त्यामुळे हे पत्र दोन गोष्टी मागते. एक, हा वर्ग तालुक्याच्या ठिकाणी सुरू व्हावा. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, म्हणजे वर्ग सुरू होण्याआधी त्याचे नियम आणि अपेक्षा स्वच्छ मराठीत छापून विद्यार्थ्याच्या हातात द्याव्यात.

नियमांचा एवढा आग्रह धरण्याला कारण आहे. शहरातल्या विद्यार्थ्याला फ्रेंच शिकलेली मावसबहीण असते, शेजारी असतो, क्लास असतो. किती मेहनत लागते, परीक्षा कशी असते, पुढे काय मिळते, हे त्याला विचारता येते. कलगाव किंवा तुपटाकळीहून एसटीने येणाऱ्या मुलीला विचारायला कोणी नसते. तिच्यासाठी अभ्यासक्रमाचा कागद हाच पहिला सल्लागार असतो. तो कागद अर्धवट किंवा बोजड असला, तर तिची फसगत होते, आणि तिच्या मागून येणाऱ्या दहाजणी त्या विषयाचे नाव काढत नाहीत.

त्या कागदावर पहिली नोंद तासांची हवी, आणि ती प्रामाणिक हवी. एका श्रेयांकाला वर्गातले १५ तास, म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयाला ३० तास मिळतात. जगभर भाषेच्या पायऱ्या ए१ पासून सी२ पर्यंत मोजल्या जातात, आणि त्यातली पहिली पायरी, ए१, गाठायला साधारण ८० ते १०० तास धरले जातात. याचा अर्थ असा की एका सत्रात कोणाचेही फ्रेंच शिकून होत नाही. ‘फ्रेंच येते’ असे प्रमाणपत्र ३० तासांवर देणे म्हणजे त्या विद्यार्थ्याला पहिल्याच मुलाखतीत तोंडघशी पाडणे. लागोपाठ तीन सत्रांची साखळी केली, तर ९० तास होतात आणि ए१ आवाक्यात येते. विद्यापीठाने ही साखळी आखावी. पहिल्या सत्राअखेर स्वतःची ओळख, घर, कुटुंब, वेळ, बाजार, प्रवास एवढ्यावर साधी वाक्ये बोलता-लिहिता येतील, हे नीट सांगावे. त्याहून जास्तीचे आश्वासन देऊ नये.

वेळापत्रकही भाषेला साजेसे हवे. आठवड्यातून एकदा सलग दोन तास घेतल्याने शिक्षकाची सोय होते, पण सहा दिवस कानावर एक शब्दही पडला नाही की नवशिक्याचे सगळे पुसून जाते. दोन वेगवेगळ्या दिवशी एकेक तास आणि रोज घरी २० मिनिटांचे ऐकणे, ही अपेक्षा विद्यार्थ्याला आधी कळायला हवी. ऐकण्यासाठी पैसे लागत नाहीत. टीव्ही५ मोंद आणि आरएफआय या फ्रेंच प्रसारण संस्थांनी शिकणाऱ्यांसाठी ध्वनी-चित्रफिती आणि स्वाध्याय मोफत ठेवले आहेत. महागडे परदेशी पाठ्यपुस्तक प्रत्येकाने विकत घ्यावे, अशी सक्ती मात्र नसावी. ग्रंथालयात पुरेशा प्रती ठेवता येतात.

हजेरीचा नियम सर्वांत नाजूक आहे. भाषेच्या वर्गात ७५ टक्क्यांची अट योग्यच आहे. इतिहासाचा चुकलेला तास पुस्तकावरून भरून काढता येतो, पण जोडीदाराशी बोलण्याचा सराव चुकला तर तो वहीत सापडत नाही. तरीही दिग्रसचे वर्ष शेतीवर चालते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. मजूर मिळत नाहीत तेव्हा घरातली कॉलेजात जाणारी मुलेमुली शेतात उतरतात, आणि त्यात मुलींची संख्या मोठी असते. अशा विद्यार्थ्याला गैरहजर ठरवून परीक्षेपासून अडवणे अन्यायाचे आहे, आणि हजेरीपत्रकावर खोट्या सह्या करणे त्याहून वाईट. यावर उपाय भरपाईच्या तासांचा आहे. हंगाम सरला की छोट्या गटात बोलण्याचा सराव घ्यावा आणि तो हजेरीत धरावा. किती तास बुडले तर किती भरून द्यावे लागतील, हे आकड्यांत लिहावे, म्हणजे कोणाला कोणाच्या मेहेरबानीवर राहावे लागणार नाही. शेवटची एसटी पाहून तासाची वेळ ठरवावी, हेही त्यातच आले.

दुसरा कळीचा नियम माध्यमाचा. फ्रेंच शिकवताना समजावण्याची भाषा मराठी असावी. फ्रेंच शिकायची म्हणजे आधी इंग्रजी पक्की हवी, असा समज आहे आणि त्यापायी मराठी माध्यमातली मुले अर्जच करत नाहीत. प्रत्यक्षात फ्रेंचच्या पहिल्या पायऱ्यांवर मराठी अधिक उपयोगी पडते. फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला लिंग असते. मराठी मुलांना लिंगांची सवय आहे, तीही दोन नव्हे, तीन लिंगांची. ‘मोठा वाडा’ आणि ‘मोठी खोली’ यांत विशेषण जसे बदलते, तसेच फ्रेंचमध्ये ‘ग्राँ’चे ‘ग्राँद’ होते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक ज्याला घरातच कळला, त्याला ‘त्यू’ आणि ‘वू’ कधी वापरायचे हे निराळे शिकवावे लागत नाही. इंग्रजीत यातले काहीच नाही. मग मराठीतून सरळ जाता येणाऱ्या ठिकाणी मुलांना इंग्रजीचा वळसा घालायला लावण्यात काय मिळते?

दिग्रसच्या वर्गात तर एकटी मराठीच नसते. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेली पोहरादेवी इथून जवळ आहे, आणि तांड्यांवरून येणारा विद्यार्थी घरी गोरमाटी, गावात वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात हिंदी बोलत मोठा झालेला असतो. गावात उर्दू बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत. जिल्ह्यात कोलामी आणि गोंडी आहेत. अशा मुलाला फ्रेंच ही पाचवी किंवा सहावी भाषा असेल. एका भाषेतून दुसरीत जाण्याचा त्याचा सराव शहरातल्या अनेक मुलांपेक्षा दांडगा आहे. हिंदीतल्या ‘हाँ’मध्ये जो अनुनासिक स्वर आहे, त्याच जातीचे स्वर फ्रेंचमध्ये जागोजागी येतात. फ्रेंच ‘र’ घशातून येतो, आणि उर्दूतले ‘ग़ैन’ नीट उच्चारणाऱ्या मुलीला तो पटकन जमतो. शिक्षकाने या मुलांच्या भाषा उणीव न मानता भांडवल मानाव्यात, अशी अपेक्षा अभ्यासक्रमात लेखी असावी. विद्यार्थ्यांकडून अपेक्षा लिहायच्या, तर शिक्षकांकडूनही लिहायला हव्यात.

काही ठिकाणी अडचण येणारच, तीही लपवू नये. शब्दाच्या शेवटची बरीच अक्षरे फ्रेंच लोक लिहितात पण उच्चारत नाहीत. देवनागरीत जसे लिहिले तसे वाचणाऱ्या मुलांना हे सुरुवातीला फार जड जाते. पहिल्या महिन्यात उच्चार देवनागरीत टिपून ठेवायला मुभा असावी. पुढे ती सवय सोडायची, कारण ‘त्यू’ असे लिहून तो स्वर उमटत नाही. ओठ ‘ऊ’सारखे गोल करून जीभ ‘ई’च्या जागी ठेवावी लागते, आणि हे कानाने व तोंडानेच शिकायचे असते.

म्हणूनच परीक्षा नुसती लेखी नको. फ्रान्स सरकारची देल्फ परीक्षा यात चांगला दाखला आहे. ए१ पातळीवर ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला शंभरात ५० लागतात, आणि चारपैकी एकाही भागात पाचपेक्षा कमी पडले तर परीक्षार्थी नापास होतो. त्यामुळे व्याकरण घोकून बोलण्याची बाजू झाकता येत नाही. देल्फचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. विद्यापीठाने आपली गुणविभागणी याच धर्तीवर केली, तर तिसऱ्या सत्रानंतर दिग्रसचा विद्यार्थी देल्फला बसू शकेल, आणि त्याच्या गुणपत्रिकेला अमरावतीबाहेरही वजन राहील. तोंडी परीक्षेत चुकीच्या लिंगासाठी गुण कापण्यापेक्षा समोरच्याला अर्थ पोचला का, हे आधी पाहावे. चुकायला घाबरणारा विद्यार्थी तोंडच उघडत नाही, आणि पहिल्या सत्रात तोंड उघडणे हेच मोठे काम असते.

मोबाइलवरच्या भाषांतराचा प्रश्नही आहे. त्यावर सरसकट बंदी टिकणार नाही, आणि सरसकट मोकळीक दिली तर गृहपाठाला अर्थ उरणार नाही. नियम सोपा करता येईल. घरून आणलेल्या लिखाणातले कोणतेही वाक्य वर्गात मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगता आला, तरच त्याचे गुण. ज्याने स्वतः लिहिले त्याला याची भीती नाही, आणि ज्याने यंत्राकडून उतरवले त्यालाही निदान समजून घ्यावे लागेल.

‘दिग्रसला फ्रेंच कशाला?’ हा प्रश्न पालक विचारतील आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर पॅरिसमध्ये नसून कापसात आहे. जगात सुमारे ३२ कोटी लोक फ्रेंच बोलतात आणि त्यातले बहुसंख्य आफ्रिकेत आहेत. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार कापूस उत्पादक देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानाविरुद्ध आवाज उठवला. ज्या पडलेल्या भावाने यवतमाळचा शेतकरी खचतो, त्याच भावाबद्दल ते बोलत होते. माली आणि बुर्किना फासो यांनी अलीकडे फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा काढला, तरी कामकाजात ती राहिली आहे. भारताने २०१२ पासून आफ्रिकी देशांसाठी कापूस तंत्रज्ञान साहाय्याचा कार्यक्रम राबवला आणि त्यात नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्राचा सहभाग होता. नागपुरात बनलेली जिनिंगची यंत्रे आजही आफ्रिकेत जातात. बोंड, सरकी, रुई आणि गाठ यांतले ज्याला जन्मापासून कळते, त्याला फ्रेंचही येत असेल, तर या व्यवहारात त्याच्यासारखी माणसे सहजी मिळणार नाहीत. दोन वर्षांत नोकरी मिळेल असे वचन कोणी देऊ नये. पण अशी दिशा आहे, हे मुलांना सांगायला हवे.

शिक्षणाची वाटही आहे. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून आलेले फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थी आपल्या देशात यावेत, असे उद्दिष्ट जाहीर केले. त्या ३०,००० मध्ये वऱ्हाडातली किती असतील, हे आज घेतलेल्या निर्णयांवर ठरेल.

मराठीचे आणि फ्रेंचचे नातेही जुने आहे. मराठी भाषेच्या जडणघडणीचा पायाभूत शास्त्रीय अभ्यास झ्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने फ्रेंचमध्ये लिहिला. तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी मराठीत आणला. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज क्रिओल आणि फ्रेंचच्या वातावरणात राहून मराठी जपतात. ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात महानुभावांचे रिद्धपूर आहे, तिथल्या मराठीच्या विद्यार्थ्याला ब्लॉक मुळातून वाचता यावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

शिक्षक कुठून आणायचा, ही खरी अडचण आहे. प्रत्येक महाविद्यालयाला पूर्णवेळ पद मिळणार नाही, हे उघड आहे. पण दिग्रस, दारव्हा, आर्णी आणि पुसद मिळून एक पात्र शिक्षक नेमता येईल. त्याने आठवड्यातून एक तास प्रत्यक्ष आणि एक ऑनलाइन घ्यावा, आणि ऑनलाइन तास महाविद्यालयाच्या संगणक कक्षात व्हावा, म्हणजे घरी नेट नसलेला विद्यार्थी मागे पडणार नाही. त्या शिक्षकाला तासिका तत्त्वावर महिनोन्‌महिने मानधनाची वाट पाहायला लावली, तर वर्ग सत्राच्या मध्येच बंद पडेल. म्हणून मानधन वेळेवर देण्याची जबाबदारी कोणाची, हेही नियमांतच नोंदवावे.

महोदय, पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी विद्यापीठाने हे काम हाती घ्यावे. भाषा शिकवणारे दोन-तीन अनुभवी प्राध्यापक, तालुक्याच्या महाविद्यालयाचा एक प्राचार्य आणि खेड्यातून येणारे दोन विद्यार्थी एवढ्यांची समिती पुरेशी आहे. तिने तास, हजेरी, भरपाई, माध्यम, गुणविभागणी, मोबाइल, शुल्क आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढ्या मुद्द्यांचा दोन पानांचा मराठी मसुदा तयार करावा आणि तो महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर महिनाभर हरकतींसाठी लावावा. पहिल्या वर्षी पाच जिल्ह्यांतून प्रत्येकी एक तालुका निवडावा, आणि यवतमाळसाठी त्यात दिग्रसचा विचार व्हावा, ही विनंती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
दिग्रसमधील एक नागरिक
दिग्रस, जि. यवतमाळ