वायफायवाल्या सरांना काय काय दिसतं?

कॉलेजात ज्या माणसाची आठवण फक्त नेट बंद पडल्यावर येते, तो म्हणजे सिस्टिम अ‍ॅडमिन. लॅबला लागून असलेली छोटी खोली, दिवसरात्र चालणारा एसी (माणसासाठी नव्हे, सर्व्हरसाठी), केबल्सचं जंजाळ आणि 'सर, वायफायला काय झालंय?' हा एकच प्रश्न दिवसातून पन्नासदा ऐकणारा चेहरा. जुलैचा शेवटचा शुक्रवार २००० सालापासून अशा लोकांचे आभार मानायचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या कॅम्पसवर त्या दिवशी कुणी त्यांना साधा चहा पाजल्याचं ऐकिवात नाही.

असो. मुद्दा चहाचा नाही. या माणसाला आपल्याबद्दल काय काय दिसतं आणि त्यानं ते बघावं का, हा आहे.

तुम्ही कॅम्पसच्या वायफायला जोडले जाता तेव्हा कित्येक फोन आणि लॅपटॉप स्वतःचं नावही सांगून टाकतात. तुम्ही हौसेनं फोनला स्वतःचं नाव दिलं असेल, तर अ‍ॅडमिनच्या यादीत तेच उमटू शकतं. पुढे तुम्ही एखादी साइट उघडता. ब्राउझरमधल्या 'एचटीटीपीएस'मुळे तुम्ही तिथे काय वाचलं, काय टाइप केलं, पासवर्ड काय, हे त्याला दिसत नाही. पण कुठल्या साइटवर गेलात हे बहुतेक वेळा दिसतं. पोस्टमन पाकीट फोडत नाही, पण पत्ता तर वाचतोच ना? तसंच.

'हात्तिच्या, फक्त नावच ना!' असं वाटेल. आता विचार करा. होस्टेलच्या वायफायवरून कुणी रात्री दोन वाजता मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनची साइट उघडतंय, सलग चार रात्री. कुणी एचआयव्ही तपासणी केंद्राची. घरी स्थळं बघणं चालू असलेली कुणी मुलगी परदेशातल्या विद्यापीठांची. आतलं पान कुणाला वाचायचंय? पत्ता पुरेसा आहे.

नावाऐवजी नंबर टाकले की प्रश्न सुटतो, असं म्हणणारेही भेटतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या 'एओएल' कंपनीनं संशोधकांसाठी साडेसहा लाखांच्या आसपास लोकांचे इंटरनेटवरचे शोध खुले केले होते, प्रत्येकाच्या नावाच्या जागी नुसता एक नंबर घालून. काही दिवसांतच 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पत्रकारांनी त्यातल्या एका नंबरामागच्या आजींचं घर शोधून काढलं. आजींनी आपल्या गावातल्या सेवा शोधल्या होत्या आणि आपल्याच आडनावाची माणसं. बस्स, तेवढ्यावरून.

त्यामुळे आपल्या कामाची चाड असलेला अ‍ॅडमिन एका चमत्कारिक पेचात असतो. त्याला सगळं दिसू शकतं, आणि त्याला ते बघायचं नसतं. नेट का अडकलंय हे शोधायला लॉग लागतो. कुणी कॅम्पसच्या नेटवरून धमकीचा मेल पाठवला तर पोलिसांनाही तोच लागतो. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेनं एप्रिल २०२२ मध्ये कंपन्या, सरकारी संस्था आणि इंटरनेट सेवा देणाऱ्यांना असे लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलं. कॉलेजनं तेवढेच दिवस ठेवले तर समजण्यासारखं आहे. पण १८१व्या दिवशी ते पुसले जातात का? की 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून चार वर्षांचा ढीग कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडलेला असतो? आणि रेक्टर किंवा एखादे प्राध्यापक सहज डोकावून 'त्या मुलाचं जरा बघून सांगा हो' म्हणतात, तेव्हा 'लेखी द्या' म्हणण्याची ताकद कंत्राटावर नेमलेल्या माणसाला कुणी दिलीय? आमच्या मते खरा प्रश्न इथे आहे. तुमची गोपनीयता एका माणसाच्या चांगुलपणावर टांगून ठेवायची, ही काही व्यवस्था नव्हे.

एक गंमत मात्र सांगायला हवी. असे अ‍ॅडमिन सर्व्हरला कुलपावर कुलपं लावत बसतात आणि माहिती सांडते भलतीकडेच. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जा. तिथल्या कॉम्प्युटरवर 'डाउनलोड्स' उघडलं की शेकडो जणांची आधार कार्डं, मार्कशीटा, जातीचे दाखले. कुणाचं तरी व्हॉट्सअ‍ॅप वेब सकाळपासून चालूच. आधारचे शेवटचे चारच आकडे दाखवणारी 'मास्क्ड' प्रत यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट मिळते, पण ती मागणारा आणि देणारा, दोघंही दुर्मीळ.

दुसरी सांडण्याची जागा आपली स्वतःची. फेस्टचा गुगल फॉर्म. ग्रुप डान्सला नाव द्यायला जन्मतारीख कशाला हवी? घरचा पत्ता? 'मागच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये होतं' एवढंच उत्तर असतं. मग ती शीट 'लिंक असेल त्या कोणालाही' दिसेल अशी ठेवून वीस ग्रुपवर फिरते. फेस्ट संपतो, कोअर टीम पास होऊन नोकरीला लागते, शीट तशीच. आणि नाव दिलेल्या एखाद्या मुलीला अनोळखी नंबरांवरून 'हाय, ओळखलंस का?' सुरू होतं. नंबर बदलायचा तिनं. घरच्यांना उत्तरं द्यायची तिनं. कदाचित पुढच्या वर्षी नाचायचंच नाही, हेही तिनंच ठरवायचं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आला. त्यात एक उदाहरणच दिलंय: डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या अ‍ॅपनं तुमची फोनबुकही मागितली आणि तुम्ही 'हो' म्हणालात, तरी ती संमती फोनबुकला लागू होत नाही, कारण सल्ल्यासाठी फोनबुक लागतच नाही. (या कायद्यात व्यक्तीचा उल्लेख 'ती' असा आहे, सगळ्यांसाठी. छान वाटतं वाचायला.) हाच नियम आपल्या फॉर्मला लावून पाहा. निम्मे रकाने गळतील. आणि जो रकाना नाहीच, तो फुटणार कुठून?

म्हणून कॉलेजांकडे आमची एक साधी मागणी आहे. परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी नोटीस बोर्डावर एक कागद लावा: वायफायवर आम्ही तुमची कोणती माहिती नोंदवतो, किती दिवस ठेवतो, कुणाच्या लेखी परवानगीनं ती उघडतो. खाली प्राचार्यांची सही. असा कागद असेल, तर रेक्टरना 'नाही' म्हणताना अ‍ॅडमिन सरांना फक्त त्याच्याकडे बोट दाखवावं लागेल. स्टुडंट कौन्सिलनं पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय काढावा. आणि मीटिंगला बसण्याआधी मागच्या फेस्टची ती शीट डिलीट करावी.